मानोऱ्याच्या भाभींचं उन्हातलं जेवण

पाठीवर घ्यायच्या पिशव्या मी घरीच शिवल्या. वाशीमच्या बाजारात तेव्हा तसलं काही मिळत नव्हतं. मी शाळेत शिवणकाम शिकवायची, त्यामुळे यंत्र माझं आणि हातही माझा. कापसाच्या गाडीवर टाकायची एक जुनी ताडपत्री मिळाली, तिच्या दोन पिशव्या झाल्या. पट्टे मात्र खाटेच्या नवारीचे लावले, कारण ताडपत्री खांद्याला काचते. सुया बऱ्याच मोडल्या, पण पिशव्या आजही शाबूत आहेत. एकीत आता कांदे असतात.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. आमचे हे विजेच्या कचेरीत होते. तिथला एकजण काश्मीरात डोंगरातली तळी पायी हिंडून आला आणि यांना त्यानं हातानं काढलेला नकाशा दिला. तो नकाशा महिनाभर आमच्या जेवणाच्या पाटाशेजारी पडून होता. शेवटी मीच म्हटलं, नुसतं बघत काय बसलाय, सुट्टी टाका. सवय व्हावी म्हणून आम्ही दोघं सकाळी पिशवीत ज्वारी भरून एकबुर्जीच्या तलावापर्यंत चालत जायचो. सायकलवरून दूध घालणारा एकजण रोज ओरडायचा, "बाई, गिरणी मांगं राह्यली वो!" काही दिवसांनी तो थांबून काळजीनं यांना विचारायला लागला, "साहेब, पीठ झालं का नाही अजून?"

तर मे महिन्याच्या शेवटी आम्ही पहलगामच्या वर, आरू नावाच्या गावापाशी पोचलो. यांच्या पिशवीत स्टोव्ह, रॉकेलचा डबा आणि तंबू. माझ्या पिशवीत कपडे, ज्वारीचं पीठ आणि तवा. तवा कशाला, असं वाटेत ज्यानं त्यानं विचारलं. आठ दिवस पाव खाऊन मी डोंगर चढणार नव्हते, हे त्याचं उत्तर.

आरूच्या पुढं वाटेत एका दगडावर साठीकडं झुकलेल्या एक बाई बसल्या होत्या. नऊवारी पातळ, पायात पोराचे असावेत तसे कॅनव्हासचे बूट. शेजारी धोतर-कोट-टोपीतले एक गृहस्थ उभे होते आणि सामान लादलेलं घोडं धरून घोडेवाला. गृहस्थ म्हणत होते, "उठून राह्यली का इथंच दुकान टाकू?"

बाई म्हणाल्या, "टाका. गिऱ्हाईक मेंढराचंच येईन."

एवढ्या लांब आपल्याकडची बोली कानावर पडली की माणूस थांबतोच. आम्ही थांबलो. मानोऱ्याचं जैन कुटुंब, तिथं त्यांचं किराण्याचं दुकान. वाशीमपासून मानोरा ते केवढं, पण आम्ही एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं; भेटलो ते हिमालयात. पहिल्याच पाच मिनिटांत मी "बाई" झाले, त्या "भाभी" झाल्या आणि ते "शेठजी". पुढचा प्रवास एकत्र करायचा हे कुणी ठरवलं नाही. शेठजींनी आमचा स्टोव्ह बघितला, भाभींनी माझा तवा बघितला, आणि ते होऊन गेलं.

"तव्यावर कांदा भाजला काय कधी?" भाभींनी विचारलं.

"या तव्यावर नाही. नवा आहे."

"मंग चालते."

भाभींना तारसरचं तळं बघायचं होतं. त्यांचा धाकटा मुलगा कॉलेजच्या पोरांबरोबर तिथं जाऊन आला होता. त्यानं फोटो दाखवला आणि वर म्हणाला, "आई, तुह्यानं काही होत नाही. तू आपली पहलगामलेच बसून कणसं खाय." भाभींनी तिथल्या तिथं ठरवलं की जाईन तर पायांनी जाईन. घोडं होतं, पण ते सामानाला. मी विचारलं, दमलात तर घोड्यावर का बसत नाही? म्हणाल्या, "घोड्यावर बसून गेली तं तळं घोड्यानं पाह्यलं. म्या कुठं?"

शेठजींची अट होती. चक्कर आली किंवा पडल्या, तर त्याच क्षणी घोड्यावर बसायचं आणि खाली पहलगामला परत. तळं नाही आणि त्यावर बोलणंही नाही. भाभींनी अट मान्य केली होती. व्यापाऱ्याची बायको, शब्द दिला की दिला.

त्या दिवशी लिद्दरवटच्या कुरणात तंबू ठोकले. तिथं दोन्ही बाजूंनी उंच डोंगर आणि मधून नदी. मी भाकऱ्या थापायला बसले. पिठाची विरी प्रवासात गेली होती, भाकरी हातावर फुटायला लागली. मग उकळत्या पाण्यात उकड काढून थापल्या. मुगाची डाळ शिजायला तिथं भलताच वेळ लागतो. पहिली भाकरी ताटात पडली आणि उन्हाचा शेवटचा तुकडा कुरणावरून उचलला गेला. सूर्य पश्चिमेच्या डोंगराआड गेला. आभाळ लख्ख होतं, पोथी वाचता येईल एवढा उजेड होता. भाभींनी ताट बाजूला सरकवलं.

"काय झालं?"

"सूर्य गेला ना बाई."

जैनांकडे सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, काहीजण पाणीही पीत नाहीत, हे मला ठाऊक होतं. आमच्या शेजारी तशी दोन घरं होती. पण ती माणसं घड्याळ बघून जेवत. भाभींचा नियम वेगळ्या शब्दांचा होता. लग्नाआधी त्यांनी एका महाराजांसमोर घेतलेला: सूर्य दिसतो तोवरच अन्नपाणी. मानोऱ्यात दुकानाच्या मागल्या दारात बसलं की सूर्य शेवटपर्यंत दिसतो, मध्ये काही येत नाही. चाळीस वर्षांत अडचण आली नव्हती.

शेठजींनी कोटाच्या खिशातून पंचांग काढलं. "हे पाय. सूर्यास्ताले अजून लय टाइम हाय."

"ते पंचांग आपल्या तिकडचं हाय. इकडचा सूर्य त्याले इचारून मावळत नाही."

"अवो, तो मावळला नाही! डोंगराच्या मांगं हाय!"

"दिसते काय तुमाले?"

"नाही."

"मंग?"

"मंग पावसाळ्यात काय करतं? ढगात कुठं दिसते?"

"पावसाळ्यात चार महिने म्या एकडाव जेवतो, दुपारी. चाळीस वर्षं वाढून राह्यली, तुमच्या ध्यानात नाही आलं?"

शेठजींनी पंचांग परत खिशात घातलं. आमच्या ह्यांनी डाळ वाढून घेतली आणि फार मन लावून खाल्ली. नवराबायकोच्या वादात ह्यांची भूक नेहमी वाढते.

सकाळी दुसरी बाजू कळली. पूर्वेलाही डोंगरच. ऊन खाली कुरणात उतरायला चांगलाच उशीर झाला, आणि तोवर भाभींनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. म्हणजे दिवसाच्या दोन्ही टोकांना कात्री लागली होती. दिवसभर त्या चालल्या, हसल्या, पण दुपारी एका ओढ्यावरच्या फळकुटावरून जाताना त्यांनी माझा खांदा धरला. हाताची पकड ढिली होती. शेठजी मागून येत होते. त्यांनी बघितलं की नाही, मला कळलं नाही. मी ती वेळ निभावून नेली, पण उपाशी माणसाला सांभाळायला खांदा किती दिवस पुरणार?

संध्याकाळी नदीकाठानंच पुढं, तशाच अरुंद खोऱ्यात तंबू ठोकले आणि मी जरा लवकरच स्वयंपाक उरकला. ऊन जाणार हे दिसत होतं. मी म्हटलं, "भाभी, सूर्य आपल्याकडं येत नाही तर आपण त्याच्याकडं जाऊ. वर चढून जेवू." त्यांना पटलं. डबा, पाण्याचा तांब्या आणि आम्ही दोघी निघालो.

आता मी स्वतःला व्यवहारी समजते. पण जन्म सपाट मुलखात गेला की डोंगर कळत नाही. सूर्य पश्चिमेला होता, म्हणून आम्ही पश्चिमेच्या उतारावर चढलो. सरळ त्याच्या दिशेनं. धापा टाकत वर, आणि जेवढं वर जावं तेवढा अंधारा, गार उतार. डोंगराचा माथा काही जवळ येईना. आम्ही त्याच्या सावलीतच चढत होतो, हे दोघींच्याही डोक्यात येत नव्हतं.

खालून शेठजींची हाक आली. दुकानातून गोदामात हाक मारायची त्यांना सवय, आवाज खोऱ्यात घुमला. "अवो! उलट्या दुकानात गेले तुमी! माल इकडं हाय!"

मागं वळून बघितलं. नदीपलीकडचा पूर्वेचा उतार अर्ध्यावरून वर सगळा उन्हात पिवळा झाला होता.

नदी ओलांडून तिकडं जाईपर्यंत ऊन माथ्यावर पोचलं. भाभी त्या रात्रीही उपाशी राहिल्या. शेठजी तंबूबाहेर बसून म्हणाले, "उद्या सकाळी खाली." भाभी आतून म्हणाल्या, "चक्कर आली काय मले? पडली काय?" आली नव्हती, पडल्याही नव्हत्या. शेठजींचा नाइलाज झाला. स्वतःची अट स्वतःच मोडणार कशी? थोड्या वेळानं मला म्हणाले, "बाई, उद्या भाकऱ्या दुपारीच करा. आन इकडच्या अंगानं चढा. म्या वाट पाहून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही हललोच नाही, तिथंच थांबलो. शेठजी सकाळपासून घोडेवाल्याला घेऊन पूर्वेच्या उतारावर हिंडत होते. त्यांनी मेंढरांची एक पाऊलवाट शोधली आणि बसायला सपाट दगडही शोधला. एक खाली, एक मधे, एक वर. "तीन बैठका," म्हणाले. "सावली एकीवर आली की दुसरीवर जाचं."

संध्याकाळी सगळेच चढलो. पहिल्या दगडावर भाभींनी दीड भाकरी खाल्ली. सावली पायथ्यापासून वर सरकत येताना स्पष्ट दिसायची, पाटात पाणी सोडल्यासारखी. ती दगडाशी आली की शेठजी म्हणायचे, "उठा, वसुली आली!" आणि आम्ही डबा झाकून वरच्या दगडावर. दुसऱ्यावर डाळ आणि अर्धी भाकरी. तिसऱ्यावर भाभी तांब्याभर पाणी प्यायल्या, त्यांनी चूळ भरली, हात जोडले आणि ऊन त्यांच्या डोक्यावरून निघून गेलं. आमचे हे म्हणाले, इतकं मोठं जेवणघर मी कुठंच पाहिलं नाही. शेठजींना दम लागला होता. तरी ते म्हणाले, "हॉटेल झ्याक हाय, पण वाढप्या लय पळवते."

सकाळीही तीच युक्ती उलटी. ऊन आधी पश्चिमेच्या उतारावर उतरतं, मग आम्ही तिकडं. आधी फुकट गेलेली चढण आता कामाला आली. असं दोन दिवस केलं. खाणं पोटात गेलं, आणि सकाळ-संध्याकाळ चढण्या-उतरण्यानं भाभींच्या पायांत जो जोर आला, तो नुसतं जेवून आला नसता. शेठजींच्याही पायांत आला. त्यांनी हे कबूल केलं नाही, पण धोतर खोचून पुढं चालायला लागले.

मग आम्ही मुक्काम वरच्या कुरणात नेला. तिथं खोरं रुंद होतं, ऊन बरंच थांबायचं. तिथून एका सकाळी तारसरला निघालो. शेवटची चढण गोट्यांची आणि बर्फाची होती. भाभींचे बूट घसरायचे. मी त्यांना माझे लोकरीचे मोजे बुटांवरून घालायला लावले. बर्फावर लोकर धरते. शेठजी त्यांच्यापुढं दोन पावलांवर होते आणि दर थोड्या वेळानं मागं न बघता विचारत, "हाय ना?" त्या म्हणत, "हाय."

दुपारी आम्ही वर पोचलो. अर्धं तळं अजून बर्फाखाली होतं. उरलेलं निळं होतं. पोपटी नाही, करडं नाही, गर्द निळं. भाभी दगडावर बसल्या. बराच वेळ बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "बाप्पा! पोरानं निरा काया-पांढरा फोटू आणला. त्याले काहीच दाखवता आलं नाही."

शेठजी म्हणाले, "जेवून घे. सूर्य डोक्यावर हाय, आज पळा नाही लागत." आणि त्यांनी स्वतः डबा उघडून भाकरी मोडून त्यांच्या हातात दिली. मी पुष्कळ नवरे पाहिलेत; एवढं पुरे आहे.

परत येताना रेल्वेत आम्ही चौघं एकाच डब्यात होतो. बऱ्हाणपूर मागं पडलं, मलकापूर आलं. खिडकीतून कोरडी, नांगरून ठेवलेली काळी शेतं दिसत होती, डबा तापला होता, आणि मी तवा पुसून ज्वारीचं उरलेलं पीठ कुणाला द्यावं या विचारात होते. संध्याकाळ झाली. सूर्य मोठा आणि लाल, अगदी जमिनीला टेकलेला. मध्ये डोंगर नाही, टेकाडसुद्धा नाही. भाभींनी जेवणाचा डबा उघडला. एक पुरी खाल्ली, थांबल्या, खिडकीबाहेर बघितलं. सूर्य तिथंच. दुसरी पुरी घेतली. तरी तो तिथंच.

"लवकर आटप," शेठजी सवयीनं म्हणाले.

"काहून?" भाभी म्हणाल्या आणि लोणच्याची फोड चाखत बसल्या. "आपल्या इकडं तो कुठं पळून जाते?"