एक घर वर

माझा चुलतभाऊ माझ्याहून आठ महिन्यांनी मोठा. आठ महिने! तेवढ्या भांडवलावर मला जन्मभर त्याला अण्णा म्हणावं लागलं. लग्नाच्या पंगतीत अण्णा, बाजारात अण्णा, मालकांपुढं अण्णा. आणि तो मला नुसतं 'का रं?' म्हणायचा. आमच्या निपाणीकडं रीतच ती. पण ज्याच्यावर आपण जळतो त्यालाच दिवसातनं वीसदा अण्णा म्हणताना काय होतं, ते मला विचारा.

जळत होतो, खोटं कशाला बोलू?

आम्ही दोघं एका तंबाखूच्या व्यापाऱ्याकडं कामाला होतो. सदलगा, चिकोडीकडच्या गावांतनं फिरायचं, रानातली उभी तंबाखू बघायची, पान चुरगाळून वास घ्यायचा आणि माल कसा निघंल ते मालकांना येऊन सांगायचं. त्यासाठी मालकांनी बेळगावच्या छावणीतल्या लिलावात दोन जुन्या विलायती मोटारसायकली घेतल्या होत्या. दोन्ही अगदी एकसारख्या. एक अण्णाला दिली, एक मला.

मग युद्ध सुरू झालं, पेट्रोलला कुपनं आली, आणि जो तो एकच विचारायला लागला, गॅलनला किती मैल? अण्णाची गाडी ऐंशीच्या आसपास जायची. माझी साठ गाठेपर्यंत रडकुंडीला यायची. गाडी तीच, रस्ता तोच, पेट्रोल एकाच डब्यातलं. मग फरक कुणात? ते मालक सगळ्यांसमोर बोलून दाखवायचे, आणि अण्णा खाली मान घालून हसायचा. त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तसा तो खपायचा फार. रविवारी अंगणात पोतं अंथरून बसायचा, इंजिनचं डोकं उतरवून आतली काजळी तासायचा, व्हॉल्व्ह घासून घासून बसवायचा. बेळगावाहून एक दात जास्त असलेलं चक्र आणून त्यानं साखळीला पुढं घातलं. "चाक तेवढंच फिरतंय, पण इंजिन कमी फिरतंय बघ," मला सांगायचा. हँडलवर हवेची एक दांडी असायची. ती तो चालवता चालवता बोटानं अशी सरकवायचा की इंजिनचा आवाज लोण्यागत मऊ व्हायचा. मीही एकदा चंग बांधला आणि पेट्रोलात रॉकेल मिसळलं. गाडी चिकोडीच्या भर बाजारात दम्याच्या म्हाताऱ्यासारखी खोकत उभी राहिली. बायाबापड्या पदर तोंडाला लावून हसल्या. अण्णानंच टाकी धुऊन दिली. त्याचा तर मला जास्तच राग आला.

पुढं कुपनं आणखी कमी झाली. मालकांनी दोघांना बोलावलं. "आता एकाच गाडीपुरतं पेट्रोल मिळतंय. एकानं गाडीवर फिरायचं, दुसऱ्यानं वखारीत बसायचं. उद्या दोघांस्नी अर्धा अर्धा गॅलन देतो. निपाणीतनं निघा, बेळगावच्या वाटंला लागा. जो लांब जाईल त्याची गाडी."

वखारीत! तंबाखूच्या त्या धुरळ्यात मला पाच मिनिटं उभं राहवायचं नाही. शिंका, खोकला, डोळ्यांतनं पाणी. आणि जन्मभर तिथं बसून अण्णाच्या गाडीचा आवाज ऐकायचा? त्यापेक्षा मेलेलं बरं, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पुसायला गेलो तर कार्बोरेटरच्या टोपीवर ताज्या बोटांचे डाग. टोपी फिरवून उघडली. आत एक लांब सुई असते. तिच्या डोक्याकडं चार-पाच खाचा असतात. खाचेला आम्ही घर म्हणायचो. त्यातल्या एका घरात बारीक क्लिप अडकवलेली असते. सुई वर असली की पेट्रोल जास्त जातं, खाली असली की कमी. एवढं मला अण्णानंच शिकवलेलं. माझी क्लिप कायम मधल्या घरात असायची. आज ती एक घर वर होती.

वर म्हणजे पेट्रोल जास्त! मी मनात म्हटलं, वा रं अण्णा! दाखवलास की रंग! गोड बोलून माझा गळाच कापायला निघालास. वाईट वाटावं की नाही? पण मला एकदम बरं वाटलं. इतकी वर्षं मी उगाच जळत नव्हतो, हा माणूस होताच तसा. मी क्लिप काढली आणि एक नाही, दोन नाही, पार खालच्या घरात घातली. कुणाला बोललो नाही.

तवंदीच्या घाटातच गाडीनं काळा धूर सोडायला सुरुवात केली. संकेश्वर मागं पडलं, आणि हत्तरगीजवळ गाडी गपकन बंद. टाकी कोरडी. अण्णा कधीच पुढं गेला होता. तो थेट काकतीपर्यंत पोचला, तिथनं बेळगाव हाकेच्या अंतरावर.

मालकांचं बेळगावातही एक दुकान होतं, तिथं ते निकालाची वाट बघत बसले होते आणि अण्णा आधीच पोचला होता. मी कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार धरून तिथं पोचलो आणि सरळ तोंड सोडलं. "मालक, ह्यानं माझ्या गाडीत हात घातलाय! इचारा त्याला!"

मालकांनी अण्णाकडं बघितलं. त्यानं नाही म्हणायला पाहिजे होतं. कुणीही म्हटलं असतं.

"व्हय मालक," तो म्हणाला. "काल सांजच्याला लावलता हात. त्याची गाडी लई पेट्रोल पीत होती, म्हणून म्हटलं—"

"शर्यतीच्या आदल्या दिवशी? त्याला न इचारता?" मालकांनी पुढचं ऐकूनच घेतलं नाही. गाडी मला मिळाली. अण्णा वखारीत गेला. मला आनंद झाला, लई आनंद झाला. त्या दिवशी घरी मी दोन वाट्या खीर जास्त खाल्ली.

पण गाडी धूर सोडायची थांबेना. पंधरा दिवसांनी मालकही कुरकुरायला लागले, म्हणून मी ती बेळगावला शहापुरातल्या एका मिस्त्रीकडं नेली. त्यानं टोपी उघडली आणि कपाळाला हात लावला. "क्लिप एवढी खाली कुणी घातली हो?"

"खाली म्हणजे पेट्रोल कमी ना?"

तो हसायला लागला. "अहो, क्लिप जाग्यावरच बसत्या, सुई सरकत्या. क्लिप खालच्या घरात घातली की सुई वर उचलत्या. पेट्रोल कमी पाहिजे तर क्लिप वर घ्यायची. एक घर वर, बास. मग बघा गाडी."

मी तिथंच ओट्यावर बसलो. एक घर वर. अण्णानं मला हरवायला नाही, माझी गाडी त्याच्या बरोबरीला यावी म्हणून हात लावला होता.

सांगायचं ठरवलं होतं, देवाशप्पथ. पण रोज सकाळी गाडीला किक मारली की वाटायचं, उद्या सांगू. तेवढ्यात अण्णा वखार सोडून लष्कराच्या मोटार दुरुस्तीत भरती झाला. निपाणीच्या मोटार स्टँडवर त्याला सोडायला गेलो. मोटार निघता निघता तो खिडकीतनं वाकला.

"एक इचारू का रं? त्या दिवशी तुझी क्लिप मी एक घर वर घेतलीती. अजूनबी बरोबरच वाटतंय मला. मग चुकलं कुठं?"

"काय की, अण्णा," मी म्हणालो.

त्याची आई, माझी काकू, अडाणी. त्याचं पहिलं पत्र आलं तेव्हा तिनं मलाच वाचायला बसवलं. जेवण बरं आहे, थंडी आहे, साहेब चांगला आहे. खाली लिहिलं होतं, इंजिनची सगळी कामं करतो, पण कार्बोरेटर आला की दुसऱ्याच्या हातात देतो, त्यात माझा हात चुकतो.

"आणि काय म्हणतोय?" काकूनं विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो, आणि पत्र घडी घालून तिच्या हातात दिलं.