खाणीवरचा सगुण आणि वाड्याची बांय

सगुणकाका डिझेल पितो, असं आमच्या वाड्यावर सगळे सांगायचे. चोरून नाही, उघड उघड. सकाळी चहाच्या आधी अर्धा पेला. म्हणून त्याला डास चावत नाहीत, म्हणून तो कधी तापाने पडत नाही, आणि म्हणूनच तो बोलायला लागला की आधी दोनदा कोरडा खोकतो आणि मग एकदम मोठ्याने सुरू होतो, इंजिनासारखा. ही शेवटची भर माझी. त्याची नक्कल मला फार छान जमायची आणि नक्कल संपली की बायका पदर तोंडात कोंबून हसायच्या. तेव्हा अफवा वाढवण्यात माझाही हात होता, हे आधीच कबूल करते.

खरी गोष्ट साधी होती. पिंपातलं डिझेल इंजिनाच्या टाकीत उतरवायला तो रबराची नळी तोंडाने ओढायचा. कधी घोटभर तोंडात यायचं, ते थुंकायचा. वास मात्र तोंडात राहायचा, सदऱ्यात राहायचा, उशीतही राहायचा असं सुलोचनाकाकी म्हणायची. बाकी हा माणूस फेणीच्या बाटलीलाही कधी शिवला नाही. एकदा मी तोंडावर विचारलंच, तेव्हा दोनदा खोकून म्हणाला, "डिझेल पिवपाक हांव कितें टिपर, गो?" टिपर म्हणजे खाणीची माती वाहणारा ट्रक, माझे बाबा तोच चालवायचे.

सगुणकाका आमचा शेजारी. त्याचं घर आणि आमचं घर यांच्या मधे विहीर, तिला सगळे बांय म्हणायचे. वाड्यातली नऊही घरं तिच्यावरच. साखळीहून येणारी बस आमच्या फाट्यावर थांबते, तिथून डोंगर चढून पलीकडे उतरलं की खाण. सगुणकाका त्या खाणीवर पंप चालवायचा. खाण म्हणजे पायऱ्या पायऱ्या करत खाली गेलेला खड्डा. लोखंडाची माती जेवढी खाली शोधत जावी तेवढं चहूबाजूंनी पाणी झरतं, आणि ते उपसलं नाही तर तळाला उभं असलेलं यंत्र बुडतं. म्हणून पंप चोवीस तास. दिवसा सगुणकाका, रात्री धाकू नावाचा पलीकडच्या गावचा एक माणूस. उपसलेलं पाणी नळातून व्हाळात, म्हणजे ओढ्यात जायचं, आणि व्हाळातून खालच्या शेतांत. मिरचीपूड कालवल्यासारखं लाल पाणी. ज्यांच्या शेतात ते बसलं त्यांनी भात लावणं सोडून दिलं होतं.

सगुणकाकाला पंपाचा अभिमान होता. "दिसाक एक पिंप डिझेल खाता म्हजें इंजिन!" हे तो आपल्या मुलाच्या भुकेचं कौतुक सांगावं तसं सांगायचा. वीस वर्षं त्या धडधडीजवळ बसून त्याचा डावा कान गेला होता, त्यामुळे तो ओरडून बोलायचा आणि काकी कुजबुजून. संध्याकाळी तो डोंगर उतरून आला की न्हाणीतलं तांब्याचं भाण तापलेलं हवं. खाली नारळाची सोडणं आणि झावळ्या जळत असायच्या, धूर आमच्या घरात. अंगावरचं तेल आणि लाल माती जायला त्याला दोन बादल्या लागायच्या. पण पुढे पुढे काकी एकच बादली द्यायला लागली.

"सगळो दीस पाणी उपसून येतात आनी हांगा येवन परत पाणी मागतात!" ती म्हणायची.

"आं?"

"कांय ना. न्हायात."

हे तिचं बोलणं सगळ्यांनी ऐकलेलं. मी तर दोघांच्या आवाजात करून दाखवायचे. त्यात काही अर्थ असेल असं कोणालाच वाटलं नाही, तिलासुद्धा नाही.

विहिरीचं पाणी किती, हे काकी दोरावरून सांगायची. कळशी पाण्याला टेकेपर्यंत हातांनी दोर किती सोडावा लागतो, तेवढे हात. माझ्या लहानपणी एप्रिलमध्ये चौदा हात. मग सतरा. मग वीस. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या उन्हाळ्यात पहिल्यांदा विहिरीच्या तळाचा दगड दिसला. पणजीत रोषणाई झाली म्हणे. आमच्याकडे टँकर आला. मराठी की कोकणी या वादात वाड्यातली दोन घरं तेव्हा एकमेकांशी बोलत नव्हती, पण टँकरच्या रांगेत शिव्या मात्र दोन्ही घरं एकाच भाषेत देत होती. टँकरच्या पाण्याचा चहा निळसर दिसायचा आणि वर बारीक रंगीत तवंग यायचा. काकी तो फुंकून बाजूला करून प्यायची.

पुढच्या वर्षी शिगमो संपता संपताच दोर बावीस हातांवर गेला. तळ तेवीसला. एप्रिल आणि मे अख्खे जायचे होते. काकीने भांडी घासायला राख वापरायला सुरुवात केली, म्हणजे कमी पाण्यात निघतात. आमच्या आईने गाईला व्हाळावर नेऊन पाहिलं, गाईने तोंड लावलं नाही. शेवटी सगळ्यांच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचा मान असलेल्या शांताराम गावकाराने सांगितलं, "सोमारा देवळात गाऱ्हाणां घालूया."

सोमवारी संध्याकाळी पुरुष देवापुढे उभे, आम्ही बायका आणि पोरं मागे. शांताराम गावकाराचा आवाज बेंबीतून निघतो. तो आवाज काढायला मला अजून जमलेला नाही.

"बा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां तुझ्या दारात उबी आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"तेंच्या बांयत पाणी ना, तेंच्या मुखात घोट ना..."

"व्हय म्हाराजा!"

प्रत्येक वेळी सगळ्यांचं एकदम म्हणून झालं की अर्धा क्षण मागून एकटा आवाज यायचा, "...हाराजा!" तो सगुणकाका. एका कानाने ऐकणारा, म्हणून मागे राहणारा. वर्षानुवर्षं प्रत्येक गाऱ्हाण्यात आम्ही पोरं त्या शेपटाची वाट बघायचो आणि एकमेकांना कोपरं मारायचो.

"आमच्या बांयचां पाणी ज्या कोणी ओढून व्हेलां, तो हंयचो आसां दी, भायलो आसां दी, ताका तू वाट दाखय, आनी पाणी आमकां परत दी!"

"व्हय म्हाराजा!"

मी कोपर मारायला तयार होते. शेपूट आलंच नाही. मान उंचावून पाहिलं तर सगुणकाका समईकडे बघत उभा, ओठ मिटलेले. पुढचं गाऱ्हाणं संपेपर्यंत तो एकदाही बोलला नाही. बाकी कोणाच्या हे लक्षात आलं नाही. ज्याची नक्कल करायची त्याच्यावर कान ठेवायची सवय असते, म्हणून माझ्या आलं.

बुधवारी दुपारी डोंगरापलीकडून येणारी धडधड थांबली. ती आम्हाला एरवी ऐकू येतच नव्हती. थांबल्यावर कळलं की इतकी वर्षं ती होती. सगुणकाका लवकर घरी आला. पंपाचा शाफ्ट मोडला होता, नवीन वास्कोहून यायचा होता. तोवर खालच्या पायरीचं काम बंद.

शुक्रवारी काकीने दोर मोजला. एकवीस. तिने परत मोजला. रविवारी वीस. पुढच्या बुधवारी अठरा! वाड्यावर कोण आनंद. गावकाराने मिशीला हात लावत देवापुढे पाच नारळ फोडले. बायकांनी दोन महिने न धुतलेल्या गोधड्या बाहेर काढून धुतल्या. भाषेवरून अबोला धरलेली ती दोन घरंसुद्धा विहिरीच्या काठावर एकमेकांशी बोलली. काकीने त्या संध्याकाळी नवऱ्याला आपणहून दोन बादल्या गरम पाणी दिलं. त्याने एकच घेतली आणि दुसरी तशीच ठेवून उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो विहिरीच्या काठावर बसून आत बघत होता. मी त्याच्या उजव्या बाजूला जाऊन बसले.

"काका, गाऱ्हाण्यात तुमी शेवटाक 'व्हय म्हाराजा' म्हणूंक ना."

तो खोकला नाही. हळू आवाजात बोलला. त्याचा हळू आवाज मी तोवर कधी ऐकलाच नव्हता.

"तुजे कान बरे आसात गो, दीपा."

"कित्याक म्हणूंक ना?"

"पंप बंद, पाणी वयर. पंप चालू, पाणी सकयल. गेल्या वर्सा दोन दीस बंद आसलो, तेन्नाय पाणी अशेंच हातभर वयर आयिल्लें. तेन्ना संशय आसलो, आतां ना." तो पाण्याकडेच बघत होता. "डिझेल जाळून हांव हें पाणी भायर काडटां. मागीर तो टँकरवालो डिझेल जाळून नदीचें पाणी तुमकां हाडून दिता. आनी नारळ फोडटात देवाक. देवान कितें केलां? केलां जाल्यार शाफ्ट मोडलो आसतलो."

"मग सगळ्यांक सांगात न्हय!"

"सांगून? वाड्यातले पांच जाण त्या खड्ड्यात काम करतात. तुजो बापूय टिपर चलयता. वच, ताका विचार, पंप बंद दवरूं?"

बाबा त्या वेळी घरात पंख्याखाली झोपले होते. खालचं काम बंद म्हणून त्यांच्याही खेपा बंद होत्या, आणि आठ दिवस ते आईवर उगाच खेकसत होते.

"शाफ्ट शनवारा येता," सगुणकाका म्हणाला. "सोमारा चालू."

"तुमी चालू करचे ना," मी म्हटलं.

"करतलो."

"ना करचे. माका खबर आसा."

"पैज?"

"पैज!"

मी जिंकले तर तो मला वास्कोला नेणार होता, आमच्या डोंगराची माती ज्या बोटींत भरतात त्या बोटी दाखवायला. मी हरले तर पाऊस येईपर्यंत टँकरच्या रांगेत सुलोचनाकाकीची भांडी मी लावायची, आणि तीही आमच्या भांड्यांच्या पुढे. त्याने हात पुढे केला. तळवा राठ होता, रेषांत काळं तेल. मी हातावर हात मारला.

शनिवारी शाफ्ट आला. रविवारी सकाळी उठून पाहते तर सगुणकाका विहिरीवर. आधी त्याने आपल्या घरचं भाण भरलं, पिंप भरलं, कळशा भरल्या. मग आमचं. मग शेजारच्या घरचं. दुपारपर्यंत तो नऊही घरांत पाणी ओतत होता. पिंपं भरली तेव्हा त्याने तेलाचे रिकामे डबे मागितले, लग्नातली मोठी पातेली माळ्यावरून काढायला लावली, एका घरच्या पोराचा आंघोळीचा टबसुद्धा भरला.

"काय रे सगुण, चेडवाचें लग्न थारलां?" कोणीतरी विचारलं.

"भरून दवरा," तो म्हणाला.

गावकार काठी टेकत आला. "अरे, इतली घाई कसली? देव बसला आसा न्हय थंय! पाणी आतां खंय वता?"

"भरून दवरा, शांतारामबाब."

"पिसो जाला," गावकार आम्हाला म्हणाला, आणि सगळे हसले. काकी तेवढी हसली नाही. ती दाराशी उभी राहून त्याच्याकडे बघत होती, आणि मग आत जाऊन आणखी दोन डबे घेऊन आली.

मी मनातून उड्या मारत होते. जो माणूस असा राबतो, त्याचं मन पालटलंय, असा माझा हिशेब. तो विहिरीची माफी मागतोय आणि उद्या खाणीवर जाऊन काहीतरी निमित्त काढणार, शाफ्ट बसत नाही म्हणून सांगणार. वास्कोला जाताना कुठला फ्रॉक घालायचा हेही मी ठरवलं.

सोमवारी सकाळी सातला तो डबा घेऊन डोंगर चढून गेला. मी पुस्तक घेऊन विहिरीच्या काठावर बसले. परीक्षा तोंडावर होती, पण डोळे एका ओळीवरून हलत नव्हते. आठ वाजले. नऊ वाजले. डोंगर गप्प. आईने दोनदा हाक मारली. साडेनऊला पलीकडून दोन कोरडे ठसके आले. मग थोडा वेळ काही नाही. आणि मग सुरू झालं, एकसारखं, न थांबता.

बाबा घरातून बाहेर आले, आवाज ऐकला, आणि कित्येक दिवसांनी शीळ घालत अंगात खाकी सदरा चढवून निघाले.

सुलोचनाकाकी विहिरीवर आली. तिला पैजेबद्दल काही माहीत नव्हतं, आणि दुसरं काही माहीत होतं की नाही ते मला आजही सांगता येणार नाही. तिने दोर सोडला, हात मोजले.

"अठरा," ती म्हणाली. "आज आसा."

रविवारी भरलेल्या डब्यांवर आणि पातेल्यांवर वाड्याने बरेच दिवस काढले. दोर एकोणीसवर गेला, मग एकवीस, आणि बाराव्या दिवशी कळशी चिखलात रुतून तिरकी झाली. गावकार म्हणाला, देवळात कोणाकडून तरी काहीतरी चुकलं असणार, विटाळ झाला असणार, आणि दोन-तीन घरांकडे संशयाने बघायला लागला. सगुणकाका त्या वेळी तिथेच उभा होता. त्याने आंघोळीला एक बादलीही मागणं सोडलं होतं, ओल्या फडक्याने अंग पुसायचा.

तेराव्या दिवशी टँकर आला. ठरल्याप्रमाणे मी सुलोचनाकाकीची भांडी पुढे लावली, एक पिंप आणि तीन कळशा, आणि त्यांच्या मागे आमची. तिचं पिंप भरलं, दोन कळशा भरल्या. तिसरी निम्म्यावर असताना नळीतून आधी हवा आली, मग काहीच आलं नाही. टँकरवाल्याने नळी गुंडाळली.