फटफटीच्या कडक स्प्रिंगा

माझ्या पणजोबांची बहीण शिवगंगा लातूरच्या अडत्याच्या घरात दिलेली. निजामाचे शेवटचे दिवस होते आणि तिच्या नवऱ्यानं, मडिवाळप्पानं, फटफटी घेतली! मागच्या चाकाच्या स्प्रिंगा बदलायच्या होत्या. मिस्त्री म्हणाला, "मालक, एकट्याला नरम बऱ्या. मागं कुणी बसणार असंल तर कडकच पायजेत, न्हाईतर पार तळाला आदळतंय."

मडिवाळप्पानं नरमच घातल्या आणि पोटुशी बायकोला मागं बसवून अंगणात चक्कर मारली. चाक दगडावरून गेलं तशी ती कळवळली.

"लागतंय का गं?"

समोर सासरा उभा, आणि सासऱ्यासमोर सुनेनं तोंड उघडायचं न्हाई. तिनं नुसता पदर ओढला.

"काही लागत न्हाई तिला," सासराच बोलला.

त्याच फटफटीवर तिला बाळंतपणाला उदगीरला नेलं. रस्ताभर धक्के. पोटातलं पोर वाटेतच गेलं. आता हिला लेकरू व्हायचं न्हाई, असं सुईणीनं सांगितलं.

वर्षभरात सवत आली. तिलाही दिवस गेले. तीच फटफटी, तेच अंगण, सासरा उभाच.

"लागतंय का गं?"

सवतीनंही पदर ओढला. तशी शिवगंगा दारातून ओरडली, "लई लागतंय तिला! कडक बसवा!"

कडक बसवल्या. आणि सासऱ्यासमोर बोलली म्हणून शिवगंगेला त्याच दिवशी बैलगाडीत घालून कायमची माहेरी धाडली. सवत दारात रडत होती, पण एक शब्द बोलली न्हाई. सासरा उभा होता ना!