निळा रंग लवकर जातोय

तिसऱ्या घाण्याचाही आकडा कमीच आला, तेव्हा चिझुरु ओकाबेने काचेच्या नळीची तोटी अशी आवळली की मोडायचीच बाकी राहिली.

जपानमधल्या तोयामा शहरातल्या एका छोट्या कारखान्यात ग्लिसरिनमध्ये ओझोन मुरवून चेहऱ्याला लावायचं द्रव्य करत. त्यात दम किती, हे सव्वीस वर्षं तीच मोजत होती. नमुन्यात औषधं घालून निळा रंग आणायचा आणि तो जाईपर्यंत नळीतून दुसरं औषध थेंबथेंब सोडायचं. थेंब जास्त लागले तर ओझोन जास्त. हल्ली रंग निम्म्या थेंबांतच उडत होता. तिच्या शब्दावर दोन घाणे ओतून टाकलेही होते.

"माल तोच, यंत्र तेच," मालक मुरोसे-सान म्हणाले. "डोळे तपासून घ्या, ओकाबे-सान. सोमवारपासून नमुने बाहेर तपासायला पाठवतो."

"आणि मी काय करू?"

"लेबलं चिकटवा की."

लेबलं! एवढ्या वर्षांचा हात, आणि म्हणे लेबलं चिकटवा! तिने नवी औषधं कालवली, भांडी तीनतीनदा धुतली. आकडा जागचा हलेना.

जेवणाच्या सुट्टीत ती रडकुंडीला येऊन कोतात्सूच्या, म्हणजे खाली शेगडी असलेल्या बुटक्या टेबलाच्या, रजईत पाय खुपसून बसली. टेबलाखाली शेगडीपाशी अंगठ्याला काहीतरी कडक लागलं. ओढून काढलं तर दुपारच्या नमुन्याची बाटली!

"ही कुणी ठेवली इथे?"

"मीच," पिंपातून नमुने काढणारे म्हातारे गोंदा-सान भाताचा गोळा खात म्हणाले. "थंडीत मधासारखं घट्ट होतं ते. तुम्हाला ओतायला त्रास नको म्हणून ऊब देतो. यंदा बर्फ पडायला लागल्यापासून रोज."

"अहो, उबेनं ओझोन उडून जातो! वाटोळं केलंत माझं!"

गोंदा-सानांचा घास तोंडातच राहिला.

तिने स्वतः पिंपातून थंडगार नमुना काढला. मोजला. आकडा बरोब्बर! तशीच कागद आणि ती बाटली घेऊन मालकांकडे धावली.

"डोळे शाबूत आहेत माझे! गोंदा-सान नमुने तापवत होते!"

मुरोसे-सानांनी बाटली हातात घेतली. अजून कोमट होती.

"रोज अशीच यायची तुमच्याकडे?"

"हो ना!"

"मग हातात कोण घेत होतं?"

मोजणीच्या बिनशेगडीच्या खोलीत ती आधी बाटली दोन्ही तळव्यांत धरून बोटं शेकून घ्यायची, मगच कामाला लागायची. किती बरं वाटायचं! पंचवीस हिवाळे हेच ग्लिसरिन हाताला थंड लागत आलं होतं, हे तिच्या एकदाही मनात आलं नव्हतं. शरमेनं तिला मान वर करवेना.