बरणीतला म्हाकूल

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या हाताला चव आहे, असं आमच्या इंझोरीपासून कारंज्यापर्यंत लोक म्हणतात. म्हणोत. त्या हातांनी माझं काय केलं, ते मला विचारा.

मी कारंज्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवते. मागे तिथे कायमची जागा निघाली. मुलाखतीत नमुना पाठ घ्यायचा होता. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांना खोल समुद्रातला स्क्विड दाखवायचा, असं मी ठरवलं. कोकणात त्याला म्हाकूल म्हणतात. रत्नागिरीकडच्या मैत्रिणीने मच्छीमारांच्या हातापाया पडून एक मिळवला आणि स्पिरिट भरलेल्या, रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत घालून दिला. एसटीत ती बरणी मी मांडीवर घेऊन आणली.

काय देखणा होता तो! एक डोळा दुसऱ्याच्या दुप्पट. मोठा डोळा वर, उजेडात हलणाऱ्या सावल्या टिपायला. लहान खाली, अंधारात चमकणाऱ्या जिवांसाठी. अंगभर उजेडाचे ठिपके, म्हणजे खालून बघणाऱ्याला याची सावली दिसू नये. मी त्याच्यासमोर बसून पाठाची तालीम करायचे.

जाऊबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ, मांसमच्छीला त्या शिवतही नाहीत. "हे मेलेलं जनावर घरात कायले आनलं वं?" एवढंच त्या तेव्हा म्हणाल्या.

ते दिवस लोणच्याचे होते. एका संध्याकाळी मी घरी आले तर माझी बरणी ओट्यावर, आत कैरीच्या फोडी, वर तेल. म्हाकूल उकिरड्यावर. कुत्र्यांनी फक्त एक भुजा ठेवली होती.

"बरनी मोठी चांगली आहे," जाऊबाई हसून म्हणाल्या. "अन् तुले नोकरी लागली का तू वावरात पाय ठेवशीन काय?"

म्हणजे सगळं समजून-उमजून. पाठ मी खडूने घेतला. जागा दुसऱ्याच कुणाला मिळाली. मी रडले नाही, भांडलेही नाही. त्या लोणच्याची फोड मात्र तोंडात घातली नाही आणि महालक्ष्म्यांची वाट पाहिली.

आमच्याकडे महालक्ष्म्यांच्या ताटात घरचंच लोणचं लागतं. आधी त्यांना नैवेद्य, मग सवाष्णींच्या पानात. त्या दिवशी बरणी आली, नैवेद्य झाला, पंगत बसली. मी वाढत होते. जाऊबाईंच्या माहेरची एक बाई बोटं चाटत म्हणाली, "मसाल्यात काय टाकलं वो?"

"मी सांगतो," मी म्हटलं. "ह्या बरनीत आधी दहा भुजाइचं समुद्रातलं जनावर होतं. मेलेलं. त्याले तीन काळजं असते, रक्त निळं असते. चोचीनं मांस फाडते. त्याच्यातल्या एका जातीले कोनी धरलं का ते आपली भुजा तोडून देते, अन् ती तुटलेली भुजा पान्यात चमकत, वळवळत राह्यते."

पंगतीत कुणी हातावर थुंकलं, कुणी तोंड दाबून मोरीकडे पळालं. बरणी राखेने घासून कडक उन्हात वाळवलेली होती, लोणच्याने कुणाला काही होणार नव्हतं. हे मला ठाऊक होतं. मी सांगितलं नाही.

जाऊबाई पांढऱ्याफटक पडल्या. "मायबाई, देवीले दाखोलं ते! बरनी घासली म्हून माया ध्यानातच नाही राह्यलं. मले आधी सांगाचं नाही काय?"

"तुमी फेकतानी मले विचारलं होतं?"

मला इतकं बरं वाटलं, की रात्री गाढ झोप लागली. लोकांनी मला नावं ठेवली, नवऱ्यानेही. तरी मला पश्चात्ताप नाही.

यंदा पुन्हा जागा निघाली आहे. मी दुसरा म्हाकूल मागवला आणि त्याची बरणी स्वयंपाकघरात फळीवर, जाऊबाई जेवायला बसतात त्याच्या बरोबर समोर ठेवली. चार दिवस त्या बरणीकडे पाठ करून जेवल्या. काल ताटावर बसून म्हणाल्या, "ते तिथून हालव वं. माया गळ्याखाली घास उतरून नाही राह्यला."

मी त्यांच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. "त्याचा घसा त्याच्या मेंदूतून जाते," मी म्हटलं. "मोठा घास घेतला त मेंदूले इजा होते. म्हून थो बारीक बारीक घास घेते. तुमीबी तसेच घ्या."