सेराफिनाचं तोंड

नापो नदीकाठच्या त्या वस्तीत सेराफिना ग्रेफाच्या अस्वेला, कसाव्याच्या कंदाच्या त्या आंबवलेल्या पेयाला, तोड नव्हती. कसावा उकडायचा, कुटायचा आणि घास घास चावून परत मडक्यात टाकायचा. बाकीचं काम बाईची लाळ करते. सेराफिनाची लाळ मोठी कामाची. तिची अस्वा दोन दिवसांत गोड व्हायची, म्हणून ती प्यायला तिच्याकडच्या कामाला न बोलावता माणसं यायची. याचा तिला गर्व होता, आणि का नसावा?

यंदा मुलाच्या घरावर छप्पर घालायचं होतं. पण रक्तदाबाच्या गोळ्यांनी म्हातारीचं तोंड पार कोरडं पडलेलं. पहिलं मडकं मिळमिळीत राहिलं. तिने मडक्याला दोष दिला, मग सरपणाला, शेवटी चुलीपाशी बसून रडली.

"आता कोण येणार माझ्या दारात? संपलं माझं."

लेक डेलिसिया सुट्टीवर आली होती. शहरातल्या प्रयोगशाळेत ती माणसांची थुंकीच तपासायची. "लहानपणी मडक्याजवळ आली नाहीस," आई टोमणा मारायची, "आणि आता पगार घेऊन थुंकी गोळा करतेस!"

"आई, काही संपलेलं नाही. लाळ कशी करायची ते अंगाच्या कणाकणात लिहिलेलं असतं. नखातसुद्धा. पण नख ते पान उघडत नाही. गालातल्या ग्रंथी उघडतात. पिठाची साखर करायचं पान कुणाकडे कमी, कुणाकडे जास्त. तुझ्याकडे पुष्कळ असणार."

"म्हणजे नखाने चावलं तर अस्वा होत नाही, एवढंच ना? त्यासाठी शिकलीस?"

"पानं आहेत गं, गोळ्यांनी नुसतं पाणी आटवलंय. आणि त्यातली थोडी मलाही दिलीस तू."

एवढं बोलून डेलिसियाने चूळ भरली आणि कुटलेल्या कसाव्यापुढे बसली. गाल दुखेस्तोवर चावत राहिली. सेराफिनाने केळीची पानं आणून मडकं झाकलं.

छपराच्या दिवशी सगळी वस्ती आली. वाडग्यात अस्वा उरली तर ती पिणाऱ्याच्या डोक्यावर ओतायची, हा रिवाज. शेजारीण बार्तोला दर वर्षी मुद्दाम अर्धा वाडगा ठेवायची. भिजायची, पण सेराफिनाची अस्वा संपवून तिला मोठेपणा द्यायची नाही.

यंदाही सेराफिना तिच्या हाती वाडगा देऊन उरलेली ओतायच्या तयारीत उभी राहिली. बार्तोलाने घोट घेतला, थांबली, आणि तळ दिसेपर्यंत प्यायली.

"म्हातारे, तोंड अजून शाबूत आहे की तुझं!"

सेराफिनाला गप्प बसता आलं असतं. मोह झालाही.

"माझं कोरडं पडलंय बाई. ही लेकीची."

बार्तोलाने डेलिसियाकडे पाहिलं, मग म्हातारीकडे, आणि रिकामा वाडगा पुढे केला.

"मग तेच म्हणतेय मी. ओत आणखी."