कुलपावरचा नंबर

आमच्या मुलुंडच्या बिल्डिंगमध्ये एके काळी "नंबर घासला का?" हे "जेवलात का?"च्या चालीवर विचारलं जायचं. त्याचं सगळं श्रेय शेजारच्या काकांना. काका मालवणकडचे, कारखान्यात फिटर. बोलणं कमी, बघणं फार.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. काकूंनी घराची किल्ली हरवली. काकांनी कुलपावर कोरलेला नंबर कागदावर उतरवला आणि बाजारातल्या दुकानात गेले. दुकानदाराने नंबर बघून तयार किल्ली काढून दिली. कुलूप कोणाचं, एवढंही विचारलं नाही. दुसरा कोणी खूश झाला असता. काका अस्वस्थ होऊन परतले, कारण तो नंबर जिन्यातून जाणारा कोणीही वाचू शकत होता.

त्यांनी आधी कुलपाच्या कंपनीला पत्र लिहिलं. मग दुसरं, मग तिसरं. उत्तर नाही. तेव्हा त्यांनी सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगायचं ठरवलं. काकू रडकुंडीला आल्या. भिंतीपलीकडून आम्हाला स्पष्ट ऐकू आलं, "उद्या कोणाकडे चोरी झाली तर पयलो संशय तुमच्यारच येतलो!" खोटं नव्हतं ते. काकांकडे अब्रूखेरीज होतं काय?

माझे वडील सेक्रेटरी, आणि स्वभावाने तिरसट. मी त्यांच्यावरच गेले आहे. मीटिंगमध्ये काकांचं ऐकून ते भडकले, "म्हणजे चोरांची शाळाच काढताय की!"

"चोरांना माहीत आहेच, भाऊ. आपल्यालाच माहीत नाही."

"मग माझं कुलूप उघडून दाखवा!"

दुसऱ्या संध्याकाळी काकांनी सगळ्यांसमोर खिशातून एक किल्ली काढली, आमच्या कुलपाचा नंबर सांगून बाजारातून आणलेली, आणि वडिलांच्या हातात ठेवली. आमचं कुलूप खट्कन उघडलं. वडिलांचा चेहरा पाहून मी हसले आणि यथेच्छ बोलणी खाल्ली.

रविवारी काका कानस घेऊन दारोदार फिरले. जो हो म्हणेल त्याच्या कुलपावरचा नंबर घासून काढला आणि तो घरात जपून लिहून ठेवायला सांगितलं. माझ्या आईने विसरायला नको म्हणून तो खडूने दाराच्या चौकटीवरच लिहिला, तोही बाहेरून! काकांनी कपाळाला हात लावला, पण आवाज चढवला नाही. स्वतः पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. मला ते तेव्हा फार मोठे वाटले, आजही वाटतात.

दिवाळीत वरच्या मजल्यावरच्या मास्तरांकडे चोरी झाली. नवं कुलूप विद्रूप होईल म्हणून त्यांनी नंबर घासू दिला नव्हता. कुलूप न तोडताच उघडलेलं पाहून हवालदाराने विचारलं, "नंबरावरून किल्ली मिळते, हे इथे कोणाला ठाऊक आहे?"

काकू दारात पांढऱ्याफटक पडल्या. काका पुढे होणार, तोच वडील म्हणाले, "अख्ख्या बिल्डिंगला. मला, माझ्या बायकोला, दूधवाल्यालासुद्धा. यांनीच शिकवलं, मीटिंग घेऊन. चोरी करायची असती तर शिकवलं असतं का?"

मास्तर मान खाली घालून पुटपुटले, "मलाही सांगितलं होतं."

हवालदाराने काकांकडे एकदा नीट पाहिलं. मग वही मिटली आणि हळूच विचारलं, "सायकलच्या कुलपावरही असतो का हो नंबर?"

"आणा इकडे," म्हणत काका कानस आणायला घरात गेले.